गोवराचा उद्रेक आणि त्याचा माग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोवराची साथ आली की आजाराची लक्षणे आणि उपचार यांविषयी बरेच काही छापून येते. आरोग्य कर्मचारी घरी येऊन एवढ्या तारखा का विचारतात, घशातला स्वॅब दूरच्या प्रयोगशाळेत का पाठवतात आणि तेवढ्यावरून विषाणू कोणत्या वाटेने आला हे कसे ओळखतात, याबद्दल मात्र लोकांना फारसे कोणी सांगत नाही. खालील उत्तरांत भर या दुसऱ्या बाजूवर आहे.

एकच रुग्ण सापडला तरी आरोग्य यंत्रणा एवढी धावपळ का करते?

गोवराचा एक रुग्ण सापडला, तर आणखी काही जणांना लागण आधीच होऊन गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. ज्या समाजात कोणाकडेच या आजाराविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही, तिथे गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो असे मानले जाते. माणसांत पसरणाऱ्या आजारांत याहून अधिक संसर्गजन्य आजार सापडणे कठीण. रुग्ण खोकला, शिंकला किंवा नुसता श्वास घेत बसला तरी विषाणू हवेत जातो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तिथली हवा दोन तासांपर्यंत संसर्ग देऊ शकते. लस न घेतलेली आणि पूर्वी गोवर न झालेली माणसे अशा रुग्णाच्या निकट सहवासात आली, तर दहांपैकी नऊ जणांना लागण होते.

अंगावर गोवर उठलेल्या मुलाला घरी ठेवले, म्हणजे साथ थांबणार नाही का?

घरी ठेवलेच पाहिजे, पण तेवढ्याने साथ थांबत नाही, कारण रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत संसर्ग पसरवत असतो. सुरुवातीच्या त्या चार दिवसांत दिसतात ती लक्षणे म्हणजे ताप, कोरडा खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. कोणत्याही घरात याला सर्दीच म्हणतील आणि मूल थोडे बरे दिसले की शाळेत पाठवतील. या टप्प्यावर गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांसारखे पांढरट ठिपके दिसू शकतात. हेन्री कॉपलिक या बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. पण मुलाच्या तोंडात उजेड पाडून ते कोणी मुद्दाम पाहिले तरच दिसतात. केसांच्या कडेला आणि कानांमागे लाल पुरळ उठून ते चेहऱ्यावरून खाली उतरू लागते, तेव्हा कुठे घरच्यांच्या मनात गोवराची शंका येते. तोवर चार दिवस हातचे गेलेले असतात. फक्त पुरळ दिसलेल्यांना वेगळे ठेवणे म्हणजे ‘बैल गेला आणि झोपा केला’ असा प्रकार होतो. म्हणूनच लागण झालेल्यांना पुरळ उठण्याआधी गाठणे हे संपर्कशोधाचे मुख्य काम आहे.

तपास कोणत्या प्रश्नापासून सुरू होतो?

‘पुरळ सर्वांत आधी कोणत्या दिवशी दिसले?’ या प्रश्नापासून. माझ्या मते गोवराच्या तपासात याहून मोलाची दुसरी माहिती नाही, कारण बाकीचे सगळे हिशेब या एका तारखेवर उभे असतात.

समजा, एका मुलीच्या अंगावर २२ तारखेला पुरळ उठले. दोन्ही बाजूंना चार-चार दिवस मोजले की ती १८ ते २६ तारखेपर्यंत संसर्ग पसरवू शकत होती हे कळते. या नऊ दिवसांत ती जिथे जिथे गेली, त्या जागांची यादी करावी लागते. आता त्याच तारखेपासून मागे मोजायचे. विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात, पण हा काळ ७ ते २१ दिवसांपर्यंत कमीजास्त होऊ शकतो. त्यामुळे तिला स्वतःला लागण झाली ती १ ते १५ तारखेच्या दरम्यान, आणि बहुधा ८ तारखेच्या आसपास. त्या पंधरवड्यात ती कोणाला भेटली, कुठे प्रवास केला, कोणत्या दवाखान्यात बसली, यात तिच्या लागणीचा उगम शोधायचा असतो. तिच्यापासून लागण झालेल्यांच्या अंगावर पुरळ पुढच्या महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत दिसू लागेल, हेही याच हिशेबातून निघते. एका तारखेत तीन दिवसांची चूक झाली तर यादीत भलतीच माणसे येतात आणि यायला हवी होती ती सुटतात.

आजारी मुलाची उस्तवार करणाऱ्या आईला नेमकी तारीख आठवत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून अनुभवी तपासनीस तारीख थेट विचारून थांबत नाहीत. औषधाच्या चिठ्ठीवरची तारीख पाहतात, पाहुणे येण्याआधी की गेल्यानंतर असे विचारतात, मोबाइलमधले मुलाचे फोटो एकेक करून पाहायला सांगतात. मंगळवारच्या फोटोत कपाळ स्वच्छ आहे आणि बुधवारच्या फोटोत कानाच्या पाळीमागे चार लाल ठिपके आहेत, असे दिसले की तारीख पक्की होते.

‘संपर्कातील व्यक्ती’ म्हणजे नेमके कोण? जवळ बसलेलेच ना?

नाही. गोवर हवेतून पसरतो, त्यामुळे त्याच खोलीत त्याच वेळी असलेले सगळे, आणि रुग्ण गेल्यावर पुढच्या दोन तासांत तिथे आलेलेही संपर्कातले धरले जातात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत १९७४ मध्ये झालेला उद्रेक या बाबतीत फार काही शिकवून गेला. पहिल्या रुग्णापासून २८ मुलांना लागण झाली आणि ती मुले १४ वेगवेगळ्या वर्गांत बसणारी होती. शाळेतील वायुवीजन यंत्रणा खोल्यांमधली हवा ओढून तीच पुन्हा सगळीकडे सोडत होती. रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेच्या प्रवाहाचे गणित मांडून हा प्रसार समजावून सांगितला. आज बंदिस्त जागेतील हवेतून पसरणाऱ्या आजारांचा अंदाज बांधताना वापरले जाणारे सूत्र त्याच अभ्यासातून पुढे आले.

दवाखान्याची प्रतीक्षाखोली म्हणूनच सर्वांत धोक्याची असते, कारण तिथे तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि आधीच अशक्त झालेले रुग्ण एकाच हवेत बसलेले असतात. यादी हातात आल्यावर यांनाच सर्वांत आधी गाठले जाते.

यादीत नाव आले की पुढे काय होते?

इथेही घड्याळ चालू असते. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत गोवराची लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. ज्यांना लस देता येत नाही अशांना, म्हणजे अगदी लहान बाळे, लस न घेतलेल्या गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण यांना, सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचे, इंजेक्शन देता येते. उरलेल्यांपैकी ज्यांची प्रतिकारशक्ती सिद्ध होत नाही, त्यांना २१ दिवस इतरांपासून दूर राहायला आणि ताप येतो का यावर लक्ष ठेवायला सांगतात.

रक्ताची चाचणी झाल्यावर घशातला स्वॅब कशाला?

दोन्हींची कामे वेगळी आहेत. रक्तात ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे आहेत का हे पाहून ‘हा गोवरच आहे का’ याचे उत्तर मिळते. पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत ही चाचणी काही रुग्णांत नकारार्थी येते, तेव्हा ती पुन्हा करावी लागते. रुबेला किंवा इतर विषाणूंमुळेही असेच पुरळ उठते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान साथीच्या नोंदीत पुरेसे धरत नाहीत. घशातल्या किंवा नाकातल्या स्वॅबमध्ये मात्र प्रत्यक्ष विषाणूचे जनुकीय द्रव्य मिळते, आणि ‘हा विषाणू कुठला’ हे फक्त तेच सांगू शकते.

अलीकडेच लस घेतलेल्या काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येतो आणि हलके पुरळही उठते. उद्रेक चालू असताना हे पाहून घरचे घाबरतात. लशीतला विषाणू ‘ए’ या जनुकीय प्रकाराचा असतो आणि साथीतला वेगळ्या प्रकाराचा, त्यामुळे स्वॅबच्या तपासणीत या दोहोंतला फरक कळतो.

जनुकक्रमावरून विषाणूची वाट कशी समजते?

गोवराच्या विषाणूची संपूर्ण जनुकीय माहिती सुमारे १५,९०० अक्षरांची असते. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना तिची नक्कल होत राहते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. हाताने उतरवून घेतलेल्या पोथीत एखादी चूक शिरली की त्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या सगळ्या प्रतींत ती चूक येते, आणि तिच्यावरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे अभ्यासक ओळखतात. इथेही तसेच घडते.

रोजच्या कामात प्रयोगशाळा सगळी अक्षरे वाचत नाहीत. एका ठरावीक जनुकाच्या शेवटाकडची ४५० अक्षरे वाचतात, कारण विषाणूच्या त्या भागात बदल तुलनेने जास्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या गोवर-रुबेला प्रयोगशाळांच्या जाळ्यात ७०० हून अधिक प्रयोगशाळा आहेत आणि त्यांनी वाचलेले क्रम एका सामाईक संग्रहात जमा होतात. नवा क्रम आला की तो तिथल्या क्रमांशी ताडून पाहतात. आजवर गोवराचे २४ जनुकीय प्रकार नोंदले गेले. त्यांपैकी बहुतेक लसीकरणामुळे दिसेनासे झाले असून, अलीकडच्या वर्षांत जगभर प्रामुख्याने ‘बी ३’ आणि ‘डी ८’ हे दोनच प्रकार सापडतात.

ही आनंदाची बातमी आहे, पण तपासासाठी तिनेच एक अडचण उभी केली आहे. प्रकार दोनच उरल्यामुळे परस्परांशी काही संबंध नसलेल्या दोन देशांतही ती ४५० अक्षरे तंतोतंत सारखी निघतात. अशा वेळी दोन रुग्णांचा क्रम जुळला म्हणून एकाने दुसऱ्याला लागण दिली असे म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. म्हणून आता दोन जनुकांमधला सुमारे हजार अक्षरांचा, अधिक वेगाने बदलणारा पट्टा किंवा विषाणूचा संपूर्ण क्रम वाचण्याकडे कल आहे. तरीही एकाच साखळीतल्या दोन शेजारच्या रुग्णांत कित्येकदा एकाही अक्षराचा फरक नसतो. क्रम वेगळे निघाले तर संबंध नाही असे बऱ्याच खात्रीने सांगता येते, पण सारखे निघाले तर फक्त संबंध असू शकतो एवढेच म्हणता येते. मग तो ठरवायला पुन्हा तारखा आणि भेटीगाठींकडेच वळावे लागते.

रुग्णांची साखळी जोडताना एखादा दुवा हरवला आहे हे कसे कळते?

एका रुग्णाच्या पुरळापासून त्याने लागण दिलेल्या रुग्णाच्या पुरळापर्यंत साधारण ११ ते १४ दिवस जातात. त्यामुळे रोजच्या नव्या रुग्णांचा आलेख काढला की सुरुवातीला एक रुग्ण, मग जवळजवळ दोन आठवडे शांतता, मग एकदम काही रुग्ण, पुन्हा थोडी शांतता, असे टप्पे दिसतात. ही मधली शांतता फसवी असते, कारण लागण झालेली माणसे त्या काळात अजून धडधाकट दिसत असतात. आता दोन रुग्णांचे क्रम जुळतात पण त्यांच्या पुरळांत २५ दिवसांचे अंतर आहे असे आढळले, तर मध्ये कोणीतरी तिसरा होऊन गेला असा संशय घ्यायचा. कदाचित त्याचा ताप घरच्या घरी गेला असेल, कदाचित त्याला कोणी ॲलर्जी म्हटले असेल. तपासनीस मग त्या दोघांच्या मधल्या वस्तीत, वर्गात, कामाच्या जागी पुन्हा चौकशी करतात. रुग्णयादीतल्या अशा रिकाम्या जागा ओळखता येणे हे या कामातले खरे कसब आहे.

या पद्धतीची सुरुवात कोणी केली?

१८४६ मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. बेटांची लोकसंख्या ७,८०० च्या आसपास होती आणि त्यांतले जवळजवळ ६,००० लोक आजारी पडले. सरकारने पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला तिकडे पाठवले. विषाणू ही कल्पनाच तेव्हा कोणाजवळ नव्हती. पानुम गावोगाव फिरला आणि त्याने तारखा लिहून घेतल्या. गावे एकमेकांपासून तुटलेली, त्यांच्यात येणे-जाणे होड्यांनीच व्हायचे, त्यामुळे कोण कोणत्या दिवशी कुठे गेले हे लोकांना नेमके सांगता येत होते.

त्याच्या नोंदींतले एक प्रकरण आजही शिकवण्यासारखे आहे. एका गावचे दहा जण ४ जूनला एका होडीतून दुसऱ्या गावी व्हेलच्या शिकारीला गेले आणि १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर गोवर उठला. लागण आणि पुरळ यांतले चौदा दिवसांचे अंतर इतक्या स्वच्छपणे त्यापूर्वी कोणी दाखवलेले नव्हते. पानुमने आणखी एक गोष्ट टिपली. बेटांवर त्याआधीची साथ १७८१ मध्ये आली होती आणि तेव्हा गोवर झालेल्या वृद्धांपैकी एकालाही ६५ वर्षांनंतर पुन्हा लागण झाली नाही. मिळालेली प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते, हे त्याने केवळ माणसांशी बोलून सिद्ध केले. आजचा तपासनीस घरात शिरताना जे प्रश्न बरोबर नेतो, त्यांतले बरेचसे पानुमचेच आहेत.

लोकांच्या ये-जा करण्यावरून साथीचा अंदाज बांधता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९५० च्या दशकात दाखवले की अडीच-तीन लाखांहून लहान शहरांत गोवर आपोआप विझतो, कारण लागण होण्याजोगी मुले संपतात. नंतर तो बाहेरून पुन्हा यावा लागतो. म्हणजे लशीपूर्वीच्या काळात मोठी शहरे विषाणूची कायमची वसतिस्थाने होती आणि तिथून साथीच्या लाटा लहान गावांकडे जात.

आफ्रिकेतील नायजर देशात हीच गोष्ट संशोधकांनी अगदी वेगळ्या तऱ्हेने पाहिली. शेतीची कामे संपली की कोरड्या ऋतूत लोक शहरांत येतात आणि पावसाळ्यात परततात, पण या स्थलांतराची मोजदाद नव्हती. उपग्रहांनी रात्री टिपलेल्या दिव्यांच्या उजेडावरून त्यांनी शहरातली गर्दी कधी वाढते, कधी ओसरते हे मोजले. नियामेसारख्या शहरांत उजेड वाढण्याचा काळ आणि गोवराचे रुग्ण वाढण्याचा काळ जुळत होता. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीकरण मोहीम कोणत्या महिन्यात घ्यावी हे ठरवायला अशी माहिती थेट उपयोगी पडते.

बहुतेक मुलांना लस मिळालेली असूनही उद्रेक का होतो?

गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के लोकांकडे प्रतिकारशक्ती असावी लागते आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली असावी लागते. जिल्ह्याची सरासरी ९३ टक्के दिसते तेव्हा एखाद्या वस्तीत ती ६० टक्केही असू शकते, आणि विषाणू नेमका तिथेच घर करतो. सरासरीचा आकडा वाचून निश्चिंत होणे ही मला या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक वाटते.

सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटराष्ट्रात काय झाले ते विसरता येणार नाही. तिथे २०१८ मध्ये लस तयार करताना चुकीचे औषध मिसळले गेल्याने दोन बाळांचा मृत्यू झाला. दोष लशीचा नव्हता, पण लसीकरण काही महिने थांबले, लोकांचा विश्वास उडाला आणि पहिल्या मात्रेचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांपर्यंत घसरले. २०१९ मध्ये विषाणू तिथे पोहोचला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक रुग्ण झाले आणि ८३ जण दगावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती.

आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेही असतात. मग लशीचा उपयोग काय?

हिशेब करून पाहावा. शंभर मुलांच्या शाळेत ९५ जणांनी दोन मात्रा घेतल्या आहेत आणि पाच जणांनी एकही घेतलेली नाही. दोन मात्रांचे संरक्षण सुमारे ९७ टक्के धरले, तर सगळ्यांचा संपर्क आल्यास त्या ९५ पैकी तिघे आजारी पडतील, आणि लस न घेतलेल्या पाचांपैकी चार किंवा पाच. एकूण सात-आठ रुग्णांत तिघे लस घेतलेले दिसतात, पण धोका एका गटात शंभरात तीन आणि दुसऱ्यात शंभरात नव्वद असा असतो.

गोवर तर होऊन जातो. त्याचा एवढा माग काढण्याची खरेच गरज आहे का?

आहे. २०२३ मध्ये जगात गोवराने सुमारे १,०७,५०० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. न्यूमोनिया आणि मेंदूला येणारी सूज हे यातले मोठे धोके आहेत, आणि काही थोड्या मुलांत बऱ्या झालेल्या आजारानंतर सात-दहा वर्षांनी मेंदूचा जीवघेणा विकार डोके वर काढतो. त्याशिवाय हा विषाणू प्रतिकारशक्तीची जुनी स्मृती पुसून टाकतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर जंतूंविरुद्ध त्यांच्याकडे असलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झाली होती. गोवरातून उठलेले मूल पुढे दुसऱ्याच आजाराने दगावते तेव्हा तो मृत्यू गोवराच्या खात्यावर कोणी लिहीत नाही.

उद्रेकाचा पहिला रुग्ण सापडलाच नाही तर तपास फसला असे समजायचे का?

मुळीच नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमधून डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात पहिला रुग्ण कोण हे शेवटपर्यंत कळले नाही. विषाणू ‘बी ३’ प्रकाराचा होता आणि त्याच वर्षी फिलिपिन्समधील मोठ्या साथीत आढळलेल्या विषाणूशी तो जुळत होता. पण तोच क्रम इतर अनेक देशांतही दिसला होता, त्यामुळे तो कोणत्या देशातून आला हेही ठामपणे सांगता आले नाही. तरी पुढच्या दुव्यांचा संपर्कशोध झाला आणि उद्रेक आटोक्यात आला. पहिल्या रुग्णाचा शोध त्याला दोषी ठरवण्यासाठी नसतो. लागण झाल्याचे त्यालाच ठाऊक नसते, आणि दोष येईल या भीतीने घरे दारे बंद करून घेऊ लागली तर नुकसान सगळ्यांचेच होते.

उद्रेक संपला हे कधी जाहीर करतात?

शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस नवा रुग्ण आढळला नाही की. विषाणूला पुरळापर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त २१ दिवस लागतात, त्याच्या दुप्पट काळ थांबायचे, म्हणजे एखादा न दिसलेला दुवा असला तरी त्याच्या पुढचा रुग्ण उघडा पडतो.

एखाद्या देशातून गोवराचे उच्चाटन झाले असे म्हणण्याची अट याहून कडक आहे, आणि मिळालेला दर्जा गमावताही येतो. एकच साखळी देशात १२ महिने किंवा अधिक काळ अखंड चालू राहिली तर तो दर्जा जातो. कॅनडाने तो नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. साखळी एकच होती की बाहेरून पुन्हापुन्हा आलेल्या वेगवेगळ्या साखळ्या होत्या, हा निर्णय जनुकक्रम आणि रुग्णांच्या तारखा एकत्र ठेवूनच करता येतो.

तपास पथक आमच्याकडे आले तर आम्ही काय तयार ठेवावे?

लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि गेल्या तीन आठवड्यांत घरातले कोण कुठे गेले याची जमेल तशी टिपणे. एखादी तारीख आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, अंदाजाने ठोकून देऊ नये. घरात तापासोबत पुरळ दिसले, तर दवाखान्यात आधी फोन करून कळवावे, म्हणजे ते रुग्णाला प्रतीक्षाखोलीत न बसवता वेगळ्या दाराने आत घेऊ शकतात. आणि पुरळ पहिल्यांदा दिसले तो दिवस, ते कुठे दिसले या नोंदीसह, त्याच वेळी कागदावर लिहून ठेवावा.